पठारात साठलेली शक्ती : वाशीमच्या घाटमाथ्याचा एक हिशेब

बाजार समितीच्या आवारात हमाल एक क्विंटलाचे पोते पाठीवर घेतो आणि मालमोटारीच्या फळीवर टाकतो. फळी जमिनीपासून साधारण सव्वा मीटरभर उंच असते. या एका उचलीत पोत्याला किती ऊर्जा मिळाली हे काढणे अगदी सोपे आहे. वजन किलोत घ्यावे, त्याला 9.8 ने गुणावे आणि मग उंचीच्या मीटरांनी गुणावे. उंची 1.2 मीटर धरली तर उत्तर 1,176 ज्यूल येते. विजेच्या बिलावर जे 'एक युनिट' छापलेले असते ते 36 लाख ज्यूलांचे असते. म्हणजे हमालाने तीन हजारांहून अधिक पोती चढवावीत तेव्हा कोठे पोत्यांच्या ठायी एका युनिटाइतकी ऊर्जा जमा होते! ऐकणाऱ्यांना हे प्रथम खरे वाटत नाही, आणि त्यात नवल नाही. हमालाच्या शरीरात याच्या कितीतरी पट ऊर्जा खर्च झालेली असते. ती घामात आणि उष्णतेत जाते, पोत्यात जात नाही. आमचा आजचा विषय फक्त पोत्यात गेलेल्या वाट्यापुरता आहे.

पोते फळीवर स्वस्थ पडून असते. ते गरम झालेले नसते, हलत नसते, त्याच्या अंगावर ऊर्जेची काहीही खूण दिसत नाही. तरी ते खाली पडले तर पाय मोडेल एवढे सामर्थ्य त्यात असते. केवळ जागेमुळे पदार्थाला लाभणाऱ्या या ऊर्जेस स्थितिज ऊर्जा म्हणतात. तिचे इंग्रजी नाव रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने 1853 मध्ये रूढ केले. आता मनात सहज प्रश्न येतो. सव्वा मीटर उंचीवरच्या एका पोत्याचा हिशेब जर मांडता येतो, तर ज्या उंच भूमीवर आपण घरे बांधून राहतो तिचा का मांडू नये?

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानीत असत, पयनघाट आणि बालाघाट. पयनघाट म्हणजे घाटाखालचे, पूर्णा नदीचे सखल काळे खोरे. बालाघाट म्हणजे घाटावरचे पठार. वाशीम हे घाटावरचे गाव. वाकाटकांच्या एका शाखेने वत्सगुल्म या नावाने येथे राजधानी केली. इंग्रजी अमदानीत 1905 पर्यंत हा स्वतंत्र जिल्हा होता, मग तो अकोल्यात विलीन झाला, आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. राज्यकारभाराच्या रेषा अशा पुसल्या आणि पुन्हा आखल्या गेल्या, पण घाट होता तेथेच राहिला. अकोल्याहून पातूर-मेडशीच्या रस्त्याने किंवा बार्शीटाकळीवरून रेल्वेने वाशीमला येणारा माणूस अडीचशे मीटरांहून अधिक वर चढतो. हजार टनांची आगगाडी 250 मीटर वर चढवायला, घर्षण वगळून, सुमारे 680 युनिटे लागतात. परतताना हीच ऊर्जा बऱ्याच अंशी ब्रेकांत उष्णता होऊन जाते.

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरविली पाहिजे. उंची कशापासून मोजायची? पोत्याच्या बाबतीत जमीन पायाखाली होती म्हणून हा प्रश्न उठला नाही. पठाराच्या बाबतीत तो टाळता येत नाही. स्थितिज ऊर्जेला स्वतःचे असे शून्य नसते. आपण ज्या पातळीला शून्य म्हणू तेथून तिची मोजदाद सुरू होते. समुद्राची पातळी घेतली तर एक आकडा येईल, पूर्णेच्या खोऱ्याची घेतली तर दुसरा. आम्ही पूर्णेचे खोरे, म्हणजे समुद्रसपाटीपासून 280 मीटरांची पातळी घेतो. कारण पठारावरचा दगड किंवा पाणी खाली आले तर ते प्रथम तेथेच येणार.

दुसरी गोष्ट आकाराची. खळ्यावर ज्वारीची रास घाला. टोकदार रास असेल तर तिच्यातले बहुतेक धान्य तळाशीच असते आणि तिचा गुरुत्वमध्य उंचीच्या फक्त चौथ्या हिश्श्यावर असतो. तेच धान्य सरळ भिंतीच्या कणगीत भरले तर गुरुत्वमध्य बरोबर निम्म्या उंचीवर येतो. शिवाय सारखाच तळ आणि सारखीच उंची असता राशीत कणगीच्या एक-तृतीयांशच धान्य मावते. एक-तृतीयांश वजन आणि निम्म्या उंचीचा गुरुत्वमध्य, म्हणजे राशीची ऊर्जा कणगीच्या एक-षष्ठांश झाली. डोंगर हा राशीसारखा असतो आणि पठार कणगीसारखे. एकटे उंच शिखर डोळ्यांत भरते खरे, पण ऊर्जेच्या दृष्टीने तेवढ्याच तळाचे, दिसायला कंटाळवाणे असे सपाट पठार अधिक श्रीमंत असते. आमच्या घाटमाथ्याला कळसूबाईसारखे शिखर नाही म्हणून कोणी खंत करू नये!

आता प्रत्यक्ष आकडे. वाशीम जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर आहे. वाशीम शहर साधारण 550 मीटरांवर आहे, परंतु कारंजा-मंगरूळपीरकडची जमीन बरीच खाली आहे. म्हणून सरासरी उंची 480 मीटर, म्हणजे पूर्णेच्या पातळीपासून 200 मीटर धरू. खालचा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा एकामागून एक असा वाहिला आणि थरावर थर साचून हे दख्खनचे पठार झाले. या दगडाचा एक घनमीटर सुमारे 2,900 किलो भरतो. तेव्हा 200 मीटर जाडीच्या आपल्या चिपेचे वजन 2 लाख 90 हजार कोटी टन झाले. गुरुत्वमध्य शंभर मीटरांवर. गुणाकार केला म्हणजे ज्यूलांत 28 च्या पुढे 17 शून्ये अशी संख्या येते. तिची युनिटे करावीत तर सुमारे 79 हजार कोटी. साऱ्या भारतात 2023-24 या वर्षात सुमारे 1 लाख 74 हजार कोटी युनिटे वीज निर्माण झाली. म्हणजे देशाच्या वर्षाच्या विजेच्या निम्म्याहून थोडी कमी एवढी ऊर्जा या एका लहान, औद्योगिकदृष्ट्या मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या दगडात नुसती उंचीमुळे साठलेली आहे.

या हिशेबात उंचीचा दोनदा हात लागतो, हे ध्यानात घ्यावे. उंची दुप्पट झाली की दगड दुप्पट होतो, आणि त्याचा गुरुत्वमध्यही दुप्पट वर जातो. म्हणून ऊर्जा चौपट होते. समुद्राची पातळी शून्य धरली तर उंची 200 ऐवजी 480 होते आणि आपला आकडा एकदम पावणेसहा पट वाढतो. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. समुद्रापासून मोजले तर तेथील एका चौरस किलोमीटरात वाशीमच्या एका चौरस किलोमीटराच्या जवळजवळ नव्वद पट ऊर्जा आहे. आणि याच कारणाने आमच्या 'सरासरी'त थोडी गफलत राहते. समजा अर्धा भाग 150 मीटर व अर्धा 350 मीटर उंच आहे. सरासरी 250 च येईल, परंतु ऊर्जा सर्वत्र 250 असलेल्या पठारापेक्षा सोळा टक्के जास्त भरेल. ज्याला काटेकोर उत्तर हवे असेल त्याने भारतीय सर्वेक्षण खात्याचे समोच्चरेषांचे नकाशे घ्यावेत, त्यांवर चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनाच्या उंचीचा वर्ग करावा आणि मग बेरीज करावी. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना सुट्टीत करण्याजोगे हे काम आहे. त्यात भूगोल आणि गणित दोन्ही होतात.

शेजारी, रिसोडच्या सीमेपलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. तो याच दगडात उल्कापाताने पडलेला खड्डा आहे, म्हणजे उलट्या बाजूचा डोंगरच म्हणा ना. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरांच्या घरात. वाडग्यासारखा आकार धरला तर त्यातून 55 कोटी टन दगड बाहेर निघाला, आणि तो सरासरी पन्नास मीटर वर उचलावा लागला. याला साडेसात कोटी युनिटे पुरतात. साठ मीटर व्यासाचा एखादा पाषाण सेकंदाला वीस किलोमीटर वेगाने आला तर तो सुमारे 1,900 कोटी युनिटे घेऊन येतो, याच्या अडीचशे पट! बाकीची ऊर्जा दगड वितळविण्यात, फोडण्यात आणि तापविण्यात गेली. दगड वर उचलणे हे निसर्गाचे स्वस्तातले काम आहे, तो फोडणे महाग.

एवढी ऊर्जा पायाखाली आहे तर ती काढून का घेत नाहीत, असे कोणीतरी विचारतेच. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिली अडचण अशी की दगड वाहत नाही. त्याला फोडून, लोटून कड्यापर्यंत न्यावे लागेल, आणि एक किलो दगड 200 मीटर खाली येऊन देणार किती, तर 1,960 ज्यूल. एवढ्या ऊर्जेने अर्धा लिटर पाणी एक अंशानेही तापत नाही. दुसरी अडचण अशी की खाली टाकलेला दगड कोठेतरी बसणार. पठाराएवढ्याच क्षेत्राच्या खोऱ्यात आपण तो पसरीत गेलो तर खोरे वर येत जाईल आणि शंभर मीटरांवर दोन्ही सारखे होतील. मग काम थांबले. तोपर्यंत मूळ ऊर्जेचा निम्माच भाग हाती आलेला असेल. उरलेली निम्मी नव्या, दुप्पट रुंद पठारात तशीच राहील. आणि त्या पसाऱ्याखाली पयनघाटातली गावे गाडली जातील हे वेगळेच.

तिसरी अडचण अधिक खोल आहे, अक्षरशः. तिचा शोध लागला तो जमीन मोजणाऱ्यांच्या कामातून. विल्यम लॅम्बटन याने दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोण टाकीत भारताची मोजणी चालविली होती. हे काम चालू असतानाच 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला तो वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. तेव्हा कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर त्रिकोणांनी काढले तर एक येई व ताऱ्यांवरून काढले तर दुसरे. फरक सव्वापाच विकलांचा होता. ओळंब्याचे वजन हिमालयाकडे ओढले जात असणार असा तर्क झाला. आर्चडीकन प्रॅट याने 1855 मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तो जवळजवळ सोळा विकला आला. म्हणजे हिमालय जेवढा ओढावयास हवा त्याच्या एक-तृतीयांशच ओढत होता! त्याच वर्षी जॉर्ज एअरी याने उत्तर सुचविले : पाण्यावर लाकडाचा ओंडका तरंगावा तसे पर्वत खालच्या अधिक जड द्रव्यावर तरंगत असतात, आणि त्यांच्या खाली हलक्या दगडाचे मूळ दूरवर गेलेले असते.

याचा आपल्या हिशेबाशी संबंध असा. ओंडक्याचा वरचा भाग तासला की ओंडका थोडा वर येतो. विस्तीर्ण प्रदेशावरून शंभर मीटर बेसाल्ट झिजून गेला तर खालून भूमी उचलली जाते, आणि बेसाल्टचे व खालच्या द्रव्याचे वजन ताडून पाहता पृष्ठभाग अखेर बाराच मीटर खाली जातो. एकट्या वाशीमचा तुकडा असा वर येणार नाही. पृथ्वीचे कवच ताठ आहे, ते शेकडो किलोमीटरांच्या हिशेबाने वाकते. परंतु साऱ्या दख्खनचा विचार केला तर पठार म्हणजे टेबलावर ठेवलेली वीट नव्हे, खालच्या तळाशी त्याचे देणेघेणे चालू आहे. आम्ही काढलेले 79 हजार कोटी हे विटेचे उत्तर आहे.

दगडाची गोष्ट येथे सोडून पाण्याकडे वळले पाहिजे, कारण पठारावरून आपण होऊन खाली जाणारी वस्तू तीच. वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस धरला तर जिल्ह्यावर 400 कोटी टन पाणी पडते. ते 200 मीटर उंचीवर पडले म्हणून त्यात 218 कोटी युनिटे असतात. दगडाच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक, साधारण 360 पावसाळ्यांचे पाणी म्हणजे पठाराचा दगड. पण दगड ही पुरलेली ठेव आहे आणि पाऊस हे दरवर्षीचे उत्पन्न. हे उत्पन्न देणारा सूर्य. एक किलो पाण्याची वाफ करण्यास त्याला साडेचोवीस लाख ज्यूल खर्चावे लागतात. त्यातले 1,960 ज्यूल आपल्या पठाराच्या उंचीच्या रूपाने शिल्लक राहतात, साडेबाराशेत एक. एवढा उधळ्या दाता दुसरा नसेल. आणखी एक आकडा सांगतो. एका चौरस मीटरावर दिवसाला पाच युनिटे ऊन धरले तर वाशीम जिल्ह्यावर रोज 2,500 कोटी युनिटे ऊन पडते. पठाराच्या साऱ्या दगडातली स्थितिज ऊर्जा म्हणजे या जिल्ह्यावरचे सुमारे एका महिन्याचे ऊन!

या पावसाची वाटणी पाहण्यासारखी आहे. जिल्ह्यातून मोठा जलविभाजक जातो. काटेपूर्णेसारख्या नद्या उत्तरेस उतरतात, पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. पूस, अरुणावती, अडाण या पैनगंगेकडे जातात. पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. कड्यावर एकाच कौलारू घराच्या दोन पाखांवर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जावेत अशी ही जागा. दोघांचा प्रवास किती निराळा! तरीही दोघेही समुद्रास पोचेपर्यंत प्रत्येकी सारखीच ऊर्जा गमावतात, कारण दोघांची सुरुवात एका उंचीवर आणि शेवट एका उंचीवर. वाट लांब की जवळची याची गुरुत्वाकर्षणाच्या खातेवहीत नोंदच होत नाही.

नोंद होत नसली तरी माणसाच्या उपयोगाच्या दृष्टीने वाटेलाच सारे महत्त्व आहे. कोयनेचे पाणी स्वभावतः कृष्णेतून हजारांहून अधिक किलोमीटर रेंगाळत पूर्व समुद्राला जावयाचे. ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविले, तेव्हा जवळजवळ पावणेपाचशे मीटरांची उडी थोडक्या अंतरात मिळाली आणि 1962 पासून तेथे वीज होऊ लागली. त्याआधी 1915 मध्ये टाटांनी लोणावळ्याचे पाणी खोपोलीस उतरवून हेच केले होते. घाटघर येथे 2008 पासून याची उलट-सुलट रीत चालते : मागणी नसेल तेव्हा पाणी वर चढवावयाचे, मागणी असेल तेव्हा खाली सोडावयाचे. ते खरे ऊर्जेचे गोदाम. वाशीमच्या उत्तर उतारावर असे काही व्हावे असे आम्हांस वाटत नाही. उतार पुष्कळ अंतरात पसरलेला, ओढे लहान, आणि त्यांना पाणी चार महिने. येथले पाणी विजेसाठी नाही, ते शेतासाठी आहे.

आणि तेथेच हा हिशेब आपल्या घराशी येतो. उतार जितका खडा तितकी पाण्याची ऊर्जा थोड्या जागेत मोकळी होते आणि माती खरवडून नेते. साऱ्या जिल्ह्यावरून एक मिलिमीटर जाडीची माती गेली असे समजा. ऊर्जेच्या वहीत ती जेमतेम 35 लाख युनिटे. कोणी दखलही घेऊ नये. पण ती माती 65 लाख टन भरते, आणि परत आणावयाची म्हटली तर दहा टनी ट्रकच्या साडेसहा लाख खेपा पडतील.

पाण्याचेही तसेच. एक हेक्टर हरभऱ्याला पाच सेंटिमीटरांचे एक पाणी द्यावयाचे तर 500 घनमीटर पाणी लागते. ते पन्नास मीटर खोल विंधन विहिरीतून उपसायचे तर नुसत्या उचलण्याला 68 युनिटे, आणि पंपाची व मोटारीची गळती धरता मीटरवर त्याच्या दुपटीच्या घरात. तेच पाणी शेताशेजारच्या नाल्यात, बंधाऱ्यामागे किंवा शेततळ्यात अडलेले असेल आणि पाचच मीटर उचलावयाचे असेल तर नुसत्या उचलण्याला सात युनिटेही लागत नाहीत. पावसाने ते पाणी घाटावर फुकट आणून ठेवलेले असते. आपण ते पैनगंगेत नाहीतर काटेपूर्णेत जाऊ देतो, किंवा भुईत खोल उतरू देतो, आणि मग जानेवारीत रात्रपाळीच्या विजेने तीच उंची मीटरामीटराने विकत घेतो. वाशीमच्या पद्मतीर्थासारखी जुनी तळी बांधणाऱ्यांना ज्यूल ठाऊक नव्हता, पण पाणी पडेल तेथेच धरावे हा व्यवहार त्यांना चांगला कळत होता. पैनगंगेवर जिल्ह्यात बंधारे झाले, ते उपयोगी आहेतच. मात्र ते पाणी पठाराच्या तळाकडच्या रेषेत अडविणारे. विभाजकाच्या लगतच्या, मालेगाव-वाशीमकडच्या उंच गावांना तेथून पाणी वर चढवावे लागते, आणि दर पन्नास मीटर चढाला हेक्टरी एका पाण्यामागे पुन्हा तीच 68 युनिटे मोजावी लागतात.